रेष हलवावी की माणूस

वऱ्हाड जितक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं, तितका महाराष्ट्राचा दुसरा मुलूख क्वचितच गेला असेल. देवगिरीच्या यादवांकडून ते दिल्लीकडे गेलं, दिल्लीकडून बहामनींकडे. मग एलिचपूरची इमादशाही आली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली आणि १५९६ मध्ये चांदबिबीला तोच प्रांत मोगलांच्या पदरात टाकावा लागला. पुढे हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा असा दुहेरी अंमल बसला, की रयतेला वसुलीच्या वेळी दोन धन्यांची आठवण ठेवावी लागे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या रानात भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला म्हणून निजामाने हाच प्रांत कंपनीकडे तारण लावून दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याचा वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि दुसऱ्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडून टाकला. एवढं होऊनही १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार नागपुरातून, किताब हैदराबादला!

या साऱ्या उलाढालीत अकोट-तेल्हाऱ्याच्या कास्तकाराचं वावर जिथे होतं तिथेच राहिलं. त्याला कुणी विचारलं नाही हे खरं, पण त्याला कुणी उठवलंही नाही. जमीन आणि माणसं आपल्या मनासारखी जुळवून घ्यायची असली तर राज्यकर्त्याला दोन मार्ग असतात. माणसं आहेत तिथे ठेवून सीमेची रेष हलवायची, किंवा रेष ठरवून घेऊन तिच्यात न बसणारी माणसं हलवायची. वऱ्हाडाच्या सपाटीने पहिला मार्ग इतक्या वेळा पाहिला, की सत्तांतराचं तिथे फारसं अप्रूप उरलं नसावं. दुसरा मार्ग पाहायचा तर उत्तरेला सातपुड्याकडे तोंड करावं लागतं. तिकडे जाण्याआधी मात्र थोडं लांबून वळसा घालतो, कारण हा मार्ग जुना आहे आणि त्याचा नीट अभ्यास करूनच तो पुढे पुढे वापरला गेला.

वळशाचा पहिला टप्पा कर्झनच दाखवतो. वऱ्हाडाचा पट्टा लिहून घेणारा हा गृहस्थ वीस वर्षांनी ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री म्हणून स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या परिषदेत बसला होता. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात नुकतंच युद्ध संपलं होतं. ३० जानेवारी १९२३ रोजी दोघांनी एका करारावर सह्या केल्या. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात, अशी ही सक्तीची अदलाबदल होती. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले होते. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि चार लाख मुसलमान या कराराच्या कक्षेत आले. त्यातले कितीतरी ख्रिस्ती युद्धातच पळून गेलेले होते, करार त्यांच्या पळण्यावर शिक्का मारायला आला. निकष एकच, धर्म. आनातोलियाच्या आतल्या भागातले काही ख्रिस्ती घरात तुर्की बोलत, तरी ते ग्रीक ठरले. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत, ते तुर्क ठरले. खुद्द कर्झनला ही तोड वाईट वाटत होती, जगाला पुढे तिची जबर किंमत मोजावी लागेल असं त्याने परिषदेत बोलूनही दाखवलं. वसाहतींच्या कारभारात मुरलेल्या माणसाला हा संकोच वाटावा याची गंमत वाटते. पण करार झालाच.

त्या कराराच्या पहिल्याच कलमात एक वाक्य आहे, ज्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. गेलेल्या माणसांनी त्या त्या सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहू नये, असा त्याचा आशय आहे. मला वाटतं, सक्तीच्या स्थलांतराचं सारं मर्म या वाक्यात आहे. माणूस जागा सोडतो यात काही विशेष नाही. वऱ्हाडचंच बघा. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. साठच्या दशकातच भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून धावू लागली. सरकी काढणारे, गठाणी बांधणारे, अडते, दलाल, मजूर कुठून कुठून आले आणि इथलेच झाले. आजही सातपुड्यातल्या मेळघाटातला कोरकू आदिवासी सुगीच्या दिवसांत हरभरा सोंगायला, कापूस वेचायला परतवाडा-अकोटच्या बाजूला उतरतो. गरिबी त्याला उतरवते, यात सुख काहीच नाही. पण त्याच्या पाठीमागे डोंगरावर घर असतं, देव असतात, आणि होळीला तो वर पोचतो. उतरणं आणि उतरवलं जाणं यांतला फरक किती कोस चालावं लागलं यात सापडत नाही. मागची वाट उघडी आहे की नाही, इथे तो सापडतो.

सत्तेला हे पक्कं ठाऊक असतं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात अ‍ॅसिरियाचे राजे जिंकलेल्या शहरांतले कारागीर, शिपाई, लेखनिक बायकापोरांसह उचलून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवत. माणूस नव्या जागी राजाच्याच आधाराने जगणार, आणि जुन्या जागी बंड करायला कुणी उरणार नाही, असा दुहेरी हिशेब. स्टॅलिनने १८ मे १९४४ पासून तीन दिवसांत क्रिमियातले जवळजवळ दोन लाख तातार मालगाड्यांत भरून मुख्यतः उझबेकिस्तानात धाडले. पण त्याचं खरं कसब चार वर्षांनी दिसतं. नोव्हेंबर १९४८ च्या हुकुमाने अशा हद्दपार जमातींची हद्दपारी कायमची ठरवली गेली आणि पळून परतणाऱ्याला वीस वर्षं सक्तमजुरी लागली. स्टॅलिन गेल्यावर १९५६ मध्ये तातारांवरची पोलिसी नजर उठली, पण गावी परतायचा आणि मालमत्ता मागायचा हक्क नाही हे त्याच कागदात लिहून ठेवलं. आपल्याकडेही फाळणीतल्या कत्तलींवर पानंच्या पानं लिहिली गेली, पण जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात परतू पाहणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या परवान्याच्या पद्धतीवर फार कमी लिहिलं गेलं. दंगलीच्या भीतीने चार महिन्यांसाठी लाहोरला गेलेला मुसलमान परत यायला निघाला, तेव्हा त्याला कळलं की आपण जाताना कायमचे गेलो होतो. दंगल माणसाला पळवते आणि कारकून त्याचं परतणं थांबवतो. यांतला दुसरा हात जास्त लांब पोचतो.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायला लागलं की दौलताबाद आठवणारच. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना देवगिरीला हलवलं, ही गोष्ट शाळेत वेडेपणाचा नमुना म्हणून शिकवली जाते. इब्न बतूताने तर दिल्ली पार ओसाड पडल्याच्या भयाण कथा लिहिल्या. पण तो हिंदुस्थानात पोचला घटनेनंतर पाच-सहा वर्षांनी, त्यामुळे त्याने जे लिहिलं ते ऐकलेलं होतं. दिल्लीच्या परिसरातले १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख सांगतात की तिथले हिंदू व्यापारी-सावकार आपापल्या जागी विहिरी खोदत, देणग्या देत बसले होते. हलवले गेले ते मुख्यतः अमीर, उलेमा, सूफी, सरकारी लोक आणि त्यांची कुटुंबं. दख्खन नव्याने ताब्यात आली होती आणि ती धरून ठेवायला सुलतानाला आपली माणसं दख्खनेत हवी होती. वेडेपणाचा शिक्का मारला की हा हिशेब झाकला जातो, म्हणून तो शिक्का मला पटत नाही.

हिशेबाखाली चिरडलेली माणसं मात्र खरी होती. फारसी कवी इसामी तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा होता. नव्वदीच्या घरातल्या त्याच्या आजोबांना घरातून काढून या वाटेला लावलं. दिल्लीपासून जवळच तिलपतला ते गेले. नातू पुढे चालत राहिला. काही वर्षांतच सुलतानाचा बेत फसला आणि त्याने लोकांना परत जायची मोकळीक दिली. म्हणजे या क्रूर प्रकरणात एवढं तरी झालं की वाट पुन्हा उघडली. बरेच परतले, बरेच राहिले. आणि जे राहिले त्यांनीच, १३४७ मध्ये, दिल्लीची सत्ता झुगारून बहामनी राज्य उभं केलं. सुलतानाने दख्खन बांधून ठेवायला जी दावण आणली तीच तुटून त्याच्या हातात आली. इसामीने आपलं प्रचंड महाकाव्य दौलताबादेतच, बहामनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिलं आणि त्यात तुघलकावर मनसोक्त सूड घेतला. उखडलेला माणूस इतिहासकार झाला की राजाची काही खैर नसते.

वऱ्हाडाला याहून जवळचं उदाहरण आहे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादुल्मुल्क जन्माने कानडी ब्राह्मण होता. बहामनींच्या विजयनगरवरच्या स्वारीत तो पोरवयात पकडला गेला, मुसलमान केला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. पुढे तोच सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र सुलतान. त्याने गाविलगडाची डागडुजी केली. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक त्या गडाच्या दरवाजासमोर उभे राहून फोटो काढतात, त्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे, नखांत हत्ती धरलेला दुतोंडी पक्षी. हे दक्षिणेकडचं, विजयनगरच्या मुलखातलं चिन्ह सातपुड्याच्या माथ्यावर कसं आलं याचं उत्तर इतिहासकार फतेउल्लाच्या जन्मात शोधतात. धर्म, नाव, भाषा सगळं बदललेल्या माणसाने साठ-सत्तर वर्षांनी, गादीच्या जवळ पोचल्यावर, एवढं एक दगडात कोरून घेतलं असेल तर त्याचा अर्थ काय लावायचा? मला अर्थ लावायचा मोह आवरावा लागतो. त्याच्यासाठी परतायची वाट उरलीच नव्हती. आणि वऱ्हाडला सुलतान मिळाला तो असा, ओढून आणलेला.

विसाव्या शतकात या उपायाला जी प्रतिष्ठा मिळाली ती आज आपल्याला अवघड वाटते. लोझाननंतर कितीतरी शहाण्या माणसांना लोकसंख्येची अदलाबदल हा रक्तपात टाळायचा सभ्य उपाय वाटू लागला. डॉ. आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेल्या ग्रंथात तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाची उदाहरणं पुढे ठेवली आणि अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर लोकसंख्येच्या अदलाबदलीचा उपाय गंभीरपणे मांडला. मालमत्तेचं, निवृत्तिवेतनाचं काय करायचं याचाही त्यांनी विचार केला. आज काहींना हे वाचून धक्का बसतो, काहींना त्याचा सोयीस्कर वापर करावासा वाटतो. दोन्ही टाळून वाचलं तर दिसतं की हा माणूस येऊ घातलेलं अरिष्ट सगळ्यांत आधी, हिशेबाच्या भाषेत पाहत होता. काँग्रेसवाले असं काही होणारच नाही म्हणत होते. नियोजन झालं नाही आणि अदलाबदल मात्र झाली, तीही लाखो माणसांना मारून. त्या वेळी आलेल्या सिंधी निर्वासितांचा अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे, अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. तिथली तिसरी पिढी कापडाच्या दुकानात वऱ्हाडी मराठीत भाव करते आणि सक्कर-लारकाना तिने पाहिलेलं नाही.

आता मेळघाट. आणि इथे आधीच सांगायला हवं की क्रिमियाच्या मालगाड्या आणि मेळघाटातलं पुनर्वसन यांना एका तराजूत घालणं खोटेपणा होईल. इथे बंदुकीच्या धाकाने कुणाला गाडीत कोंबलं नाही. कायदा होता, मोबदला होता, ग्रामसभेचे ठराव होते, सह्या-अंगठे होते. म्हणूनच मला हे प्रकरण जास्त विचार करण्यासारखं वाटतं.

कोरकूंना जंगलातले ‘मूळचे’ म्हणून सोडून देण्यात अर्धा इतिहास हरवतो. १८६५ चा जंगल कायदा आला, गाविलगडच्या डोंगरातला साग सरकारजमा झाला आणि फिरती शेती बंद करत आणली गेली. मग साग तोडायचा कुणी, जाळपट्टे काढायचे कुणी, वणवा विझवायचा कुणी? त्यासाठी जंगल खात्याने वनग्रामं वसवली. कसायला थोडी जमीन, बदल्यात खात्याच्या कामावर हजर राहायचं. जमिनीवर मालकी नाही. म्हणजे ज्या गावांना पुढे जंगलातलं अतिक्रमण म्हटलं गेलं त्यांतली कित्येक सरकारनेच आपल्या सोयीने थाटली होती. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, देशातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट आलं. सागाऐवजी वाघ मोलाचा ठरला आणि त्याच खात्याच्या नकाशावर तीच माणसं अडचण झाली.

शतकाच्या वळणावर कोहा, कुंड आणि बोरी ही तीन गावं खाली आली. त्यांच्या जुन्या जागी आता गवताची कुरणं आहेत, गवे-सांबर चरतात. वन्यजीवप्रेमी ही जागा यशाचा दाखला म्हणून दाखवतात आणि त्यात खोटं काही नाही, गवत खरंच उगवलं आहे. त्यानंतरच्या दशकात चिखलदरा तालुक्यातली अमोना, नागरतास, बारूखेडा, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा बुद्रुक, सोमठाणा खुर्द आणि केलपाणी ही गावं अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला उतरली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं पॅकेज २००८ पासून कुटुंबामागे दहा लाखांचं झालं होतं, आधी ते एक लाख होतं. रोख दहा लाख घ्या, नाहीतर जमीन-घर-सोयींसह पुनर्वसन घ्या. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जाई.

दहा लाख हा आकडा डोंगरावर कसा ऐकू आला असेल? जिथे पावसाळ्यात रस्ता तुटतो, बाळंतिणीला खाटेवरून न्यावं लागतं, जिथल्या बालमृत्यूंनी १९९३ मध्ये सगळा महाराष्ट्र हादरला आणि त्यानंतर समित्या, दौरे, न्यायालयाचे आदेश कधी थांबलेच नाहीत, तिथे दवाखाना आणि डांबरी सडक यांची ओढ असणारच. काही तरुणांना मनापासून खाली यायचं होतं. त्यांच्या इच्छेला कुणी फसवणूक म्हणू नये. पण एक प्रश्न उरतो. चार दशकं शाळा, रस्ता, वीज देताना ‘जंगलात परवानगी नाही’ म्हणायचं आणि मग ‘सोयींसाठी स्वखुशीने खाली या’ म्हणायचं, यात खुशीचा वाटा नेमका किती?

खाली आल्यावर काय बदललं, तर पहिल्यांदा पाणी आणि माती. डोंगरउतारावर कोदो, कुटकी, ज्वारी, मका आणि वर मोहाची फुलं, डिंक, तेंदूपान. खाली पऱ्हाटी, सोयाबीन, फवारणी, दुकानाची उधारी. त्याच्या पुढे पूर्णेचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी माणसाच्या पोटाला आणि मातीला दोघांनाही सोसत नाही. आणखी एक गोष्ट बदलली, ती डोळ्यांना दिसत नाही. धारणी आणि चिखलदरा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आहेत, तिथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने काही खास अधिकार आहेत. अकोट-तेल्हारा अनुसूचित क्षेत्रात नाही. घाट उतरताना कोरकू माणूस आदिवासीच राहिला, पण त्याची ग्रामसभा साधी होऊन गेली. सीमेची रेष न हलवता माणूस तिच्याबाहेर नेला की जे साधतं, ते हेच.

आणि देव. कोरकूंचा मुठवा गावाच्या शिवेवर असतो, भूमका, म्हणजे पुजारी, त्या गावच्या देवांचा असतो. मेलेल्या माणसाची सिडोली होते तेव्हा त्याच्या नावाने कोरलेला लाकडी मुंडा गावच्या ठरल्या झाडाखाली रोवतात आणि तेव्हाच तो पितरांत जमा होतो, असं मानतात. पंचनाम्यात घर येतं, विहीर येते, फळझाडं मोजली जातात. मुंड्यांचं काय करायचं याचा रकाना मोबदल्याच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही आणि बसवलाच तर तो हास्यास्पद होईल. पितरांचं एकक काय धरणार?

खाली आल्यावर गावात आजारपणं, मृत्यू वाढले, कबूल केलेली जमीन मिळाली नाही, पैसा आला तसा गेला, असं लोक सांगू लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये या गावांतली कुटुंबं सामानसुमान घेऊन पुन्हा जंगलात शिरली. समजुती झाल्या, आश्वासनं झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती पुन्हा वर गेली, गुल्लरघाट-केलपाणीच्या मूळ जागी. २२ जानेवारीला वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली, गुन्हे दाखल झाले. कडाक्याच्या थंडीत, पाडलेल्या घरांच्या जागी माणसं बायकापोरांसह का जाऊन बसली असतील? मोबदला वाढवून घ्यायला, असं अकोटच्या चहाच्या टपरीवर सहज म्हटलं जातं. त्यात थोडं तथ्य असेलही. पण मोबदल्यासाठी कलेक्टर कचेरीपुढे बसता येतं, तिथे चहाही मिळतो. ती माणसं वर गेली याला वेगळा अर्थ आहे. आपण कायमचे गेलो की काय, हे त्यांना अजमावायचं होतं. लाहोरहून निघालेल्या माणसासारखं त्यांनाही उत्तर मिळालं.

कागदांच्या तारखा याबाबत फार बोलक्या असतात. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केला आणि तो लागू झाला ३१ डिसेंबर २००७ रोजी. त्यात म्हटलं आहे की आधी हक्कांची नोंद पूर्ण करा, माणसं आणि वन्यजीव एकत्र राहू शकत नाहीत हे शास्त्रीय आधाराने दाखवा, दुसरा पर्याय नाही हे ठरवा, ग्रामसभेची मोकळी आणि माहितीपूर्ण लेखी संमती घ्या, नव्या जागी सोयी पूर्ण करा, आणि मगच हलवा. मेळघाटचं अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास क्षेत्र, सुमारे १५०० चौरस किलोमीटर, महाराष्ट्र सरकारने अधिसूचित केलं २७ डिसेंबर २००७ रोजी. नवा कायदा लागू व्हायला चार दिवस उरले होते. अनेक राज्यांनी त्याच काही आठवड्यांत अशीच घाई केली. यात बेकायदा काही नाही. कर्झनच्या पट्ट्यातही नव्हतं.

अकोल्याहून खांडव्याला जाणारी जुनी मीटरगेज याच जंगलातून, धूळघाटाच्या वेढ्यावरून जायची. तिचं रुंदीकरण करायचं तर ते व्याघ्र प्रकल्पातून करायचं की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने रेल्वेकडे मार्ग बाहेरून वळवण्याची मागणी केली. मला ती मागणी योग्यच वाटते. फक्त एवढंच नोंदवतो की रुळाच्या बाबतीत दुसरा पर्याय आहे का हे शोधायला नकाशे काढले गेले, खर्च मांडले गेले, जंगल-रेल्वे-खासदार सगळे बोलले. गुल्लरघाटच्या बाबतीत तितकं बोलणं झालं असतं तर कदाचित गाव हललं असतंच, पण वेगळ्या रीतीने.

जून २०२४ मध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या गावांच्या पुनर्वसनाचं वेळापत्रक मागवलं. देशभरातली ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं. पॅकेज आता पंधरा लाखांचं आहे. वनहक्क कायद्यात एक कलम असंही आहे की १३ डिसेंबर २००५ पूर्वी ज्यांना बेकायदा, पुनर्वसनाचा हक्क न देता उठवलं गेलं, त्यांना मूळ जागी पुनर्वसन मागता येतं. भारतीय कायद्याने परतीची वाट अशी एका जागी लिहून ठेवली आहे. ती कागदाशिवाय हाकलले गेलेल्यांसाठी आहे. धारगड-केलपाणीची माणसं २००५ नंतर खाली आली, ग्रामसभेचा ठराव करून, सही-अंगठा देऊन आणि पैसे घेऊन. त्यांना ते कलम लागू होत नाही.